ताज्या दळणाचा खल्ला : गहू कोणता, ओलवण किती, वेणी कशी?

चिमणबाग (इंदूर) | शनिवार, सकाळी ९.२०

नमस्कार मंडळी,

खल्ला हा ज्यू लोकांचा शब्बाथचा ब्रेड. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, त्या रात्रीच्या जेवणासाठी तो भाजतात. अंडी, तेल आणि थोडी साखर घालून मऊ तिंबलेली कणीक, तिचे पेड वळून घातलेली वेणी, वरून अंड्याचा हात आणि खसखस किंवा तीळ. जगभर तो बहुतेक मैद्याचाच होतो. मी तो आपल्या माळव्याच्या गव्हाचा, चक्कीवरून ताजा दळून आणून करते, आणि त्यात मैद्याची चिमूटही नसते. हाताला जे पक्कं बसलंय ते इथे मांडते. तुमचेही अनुभव लिहा.

ताज्या पिठाचा ब्रेड म्हटलं की लोक आधी यंत्राबद्दल विचारतात: दगडाची चक्की की घरघंटी? माझं म्हणणं, यंत्र नंतर. आधी कोंड्याचा विचार करा. मैद्यात कोंडाही नसतो आणि अंकुरही नसतो, ताज्या पिठात दोन्ही असतात. कोंड्याचे बारीक धारदार तुकडे कणकेतली ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी कापत राहतात. ते पाणी भरपूर पितात, पण सावकाश, म्हणून मळताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट होते. अंकुरात तेल असतं. पिठाचा तो गोडसर वास त्याच्यामुळेच, आणि तसं पीठ लवकर खवट होतं तेही त्याच्यामुळेच.

यावरचा उपाय आपल्याच घरांत होता. ज्यांच्याकडे पुरणपोळीसाठी, करंजीसाठी घरी सपीट काढत, त्यांना आठवेल. गहू ओलवायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, मग दळून वस्त्रगाळ करायचे. रवा वेगळा, सपीट वेगळं, कोंडा वेगळा. ओल लागली की कोंडा चिवट होतो. दळताना त्याचा भुगा होत नाही, पापुद्रे निघतात आणि ते चाळणीत वर राहतात. मोठ्या रोलर मिलमध्येसुद्धा दळण्याआधी गव्हाला पाणी देऊन मुरवतात, ते याच कारणासाठी. तेव्हा पणजीच्या जात्यावरची ही रीत सोडू नका एवढंच मला मनापासून सांगायचं आहे. खल्ला हलका व्हायचा की नाही ते निम्मं इथेच ठरतं.

मात्र विजेच्या दगडी चक्कीला जात्याइतका ओला गहू चालत नाही, दगडाला पीठ चिकटतं आणि चक्कीवाले भैया नाराज होतात. त्यामुळे मी १ किलो गव्हाला ३० मिली पाणी, म्हणजे २ मोठे चमचे, एवढंच घेते. पाणी शिंपडायचं, हाताने चोळायचं, झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं, मध्ये एकदोनदा डबा हलवायचा. सकाळी गहू हाताला कोरडाच लागला पाहिजे. ओलसर लागत असेल तर पंख्याखाली तासभर पसरा. घरघंटीत दळणाऱ्यांनी पाणी याच्या निम्मं घ्या.

चक्कीवर दोन गोष्टी सांगायच्या. एक, आपल्या आधी बेसनाचं किंवा मक्याचं दळण झालेलं नको. झालंच असेल तर पहिलं मूठ-दोन मूठ पीठ बाजूला काढा. दोन, "रोटीवालं बारीक" नको, त्याहून एक घर बारीक दळून द्या म्हणावं. पीठ गरम येतं, हाताला चटका बसेल इतकं. परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं. गरम पिठात यीस्ट घातलं तर ते दुबळं पडतं.

मग मैद्याच्या चाळणीने एकदा चाळायचं. १ किलोमागे साधारण ८० ते १०० ग्रॅम कोंडा वर राहतो. त्याहून जास्त काढू नका, नाहीतर ताज्या पिठाचा अर्थच गेला.

आता प्रमाण. यात मध्यम आकाराच्या दोन वेण्या होतात. चाळलेलं पीठ ५०० ग्रॅम, पाणी २२० मिली (पीठ पाहून थोडं कमीजास्त), अंडी २ आणि एक बलक, तेल ५० ग्रॅम, साखर किंवा गूळ ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम. वरून लावायला अजून एक अंडं.

पीठ, पाणी आणि अंडी एवढंच आधी कालवून पाऊण तास झाकून ठेवा. उन्हाळ्यात हे फ्रीजमध्ये, कच्चं अंडं आहे. या वेळात कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि पुढचं तिंबणं निम्म्यावर येतं. मग यीस्ट, साखर, मीठ घालून दहाबारा मिनिटं तिंबा. तेल सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. तेल आधी पडलं तर ते ग्लुटेनच्या धाग्यांवर बसतं आणि धागे एकमेकांना धरत नाहीत. शेवटी ही कणीक पुरणपोळीच्या कणकेसारखी तार धरते, फक्त तिच्याहून घट्ट. सुपारीएवढा गोळा बोटांनी हलके ताणला तर पातळ पापुद्रा होऊन उजेड आरपार दिसला पाहिजे. मैद्याइतका नितळ पापुद्रा मिळणार नाही, कोंड्याचे ठिपके दिसतीलच.

पहिल्यांदा फुगवताना दुप्पट होण्याची वाट पाहू नका. ताजं पीठ भराभर आंबतं. दीडपट झालं की उचला, इंदूरच्या साधारण हवेत एक ते सव्वा तास.

वेणीचं खाली लिहिते, आता पोहे करायला उठते.

नवखा_ओटीजी | शनिवार, सकाळी १०.०५

ताई, फार छान लिहिलंय. माझा बाळबोध प्रश्न: शरबती घेऊ का? घरात सिहोरचा शरबतीच भरलेला आहे, पोळ्या अप्रतिम होतात.

चिमणबाग | शनिवार, सकाळी ११.३०

शरबतीच्या पोळ्यांना तोड नाही. पण पोळीला हवी ती कणीक आणि ब्रेडला हवी ती कणीक वेगळी. पोळीला सैलावणारी, लाटताना मागे न सरकणारी कणीक हवी. ब्रेडला ताण धरून ठेवणारी हवी, म्हणजे आतला वायू कोंडला जातो. माझ्या हाताला शरबतीचा खल्ला चवीला गोड पण बसका येतो. लोकवन जास्त उभा राहतो. घरात शरबतीच असेल तर निम्मा लोकवन आणून मिसळा, दळायच्या आधीच मिसळा.

गव्हाळ | शनिवार, दुपारी १.१५

मी बियाण्यांच्या कामात आहे, थोडी भर घालतो.

माळव्यात दोन जातकुळीचे गहू पिकतात आणि मंडीत दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात. एक साधा गहू, ज्याला आम्ही ब्रेडव्हीट म्हणतो, त्याची ४२ गुणसूत्रं. दुसरा ड्युरम, म्हणजे आपला बन्सी किंवा बक्षी, २८ गुणसूत्रं. ड्युरममध्ये प्रथिनं भरपूर असतात, त्यामुळे लोकांना वाटतं ब्रेड फुगेल. फुगत नाही. त्याचं ग्लुटेन ताठ असतं, ताणलं की लवचीकपणे वाढायच्या ऐवजी तुटतं. साध्या गव्हाला लवचीकपणा ज्या गुणसूत्रांच्या संचातून येतो तो संच ड्युरममध्ये नाहीच. म्हणून ड्युरमचा रवा, शेवया, पास्ता, आणि आपल्याकडे बाफले, बाट्या.

ओळखायचं कसं? भारतीय कृषी संशोधन संस्थेचं क्षेत्रीय केंद्र इंदुरातच आहे आणि इथल्या वाणांना "एचआय" क्रमांक असतात. हजाराच्या घरातले, जसं एचआय १५४४ म्हणजे पूर्णा, हे साधे गहू. आठ हजाराच्या घरातले, जसं एचआय ८७५९ म्हणजे पूसा तेजस किंवा एचआय ८७१३ म्हणजे पूसा मंगल, हे ड्युरम. छावणीच्या मंडीत किंवा लक्ष्मीबाई नगरला आडत्याला वाण विचारलात तर तो बहुतेक नंबरच सांगतो. क्रमांक आठने सुरू झाला तर तो खल्ल्यासाठी नको. आणि नुसतं "मोठा चमकदार दाणा" पाहून घेऊ नका, ड्युरमचा दाणा जास्तच देखणा असतो.

अजून एक. अंकुरात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लुटेन सैल करतं. ताज्या पिठाची कणीक कधी कधी मळता मळता ढिली पडते ती त्यामुळे. वर दिलेल्या प्रमाणात एक लहान चमचा लिंबाचा रस घाला. त्यातल्या क जीवनसत्त्वाने कणीक सावरते. बेकरीवाले हेच क जीवनसत्त्व भुकटीच्या रूपात वापरतात.

फत्तेगंज_बडोदा | शनिवार, दुपारी ३.४०

वाचून आनंद झाला. लोकवनचं नाव निघालं म्हणून सांगते, तो वाण आमच्या गुजरातचा, सौराष्ट्रात सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. लोक-१ ना तो!

माझा प्रश्न भालिया गव्हाचा. खंभातच्या आखाताकडच्या भाल प्रदेशात तो पावसाच्या मुरलेल्या ओलीवर, पाणी न देता पिकतो. २०११ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. आमच्याकडे लाडू, लापशी, थूली सगळं त्याचंच. खल्ल्यात चालेल का?

आणि दुसरं, आमच्याकडे वर्षाचे गहू एप्रिलमध्ये भरतात आणि दिवेल, म्हणजे एरंडेल, लावून ठेवतात. ते तेल ब्रेडला बाधतं का?

गव्हाळ | शनिवार, दुपारी ४.२०

भालिया ड्युरमच. नुसत्याचा नको. पाव भाग भालिया, पाऊण भाग लोकवन असं करा. वर चिमणबाग ताईंनी दिलेल्या ५०० ग्रॅममध्ये १२५ ग्रॅम. रंग सुरेख पिवळा येतो, अंडी जास्त घातल्यासारखा, आणि गोडवा वाढतो. पाणी चमचाभर जास्त लागेल. ड्युरमचं पीठ थोडं रवाळच राहतं, म्हणून भिजवून ठेवायचा वेळ पाऊण तासाचा सव्वा तास करा.

चिमणबाग | शनिवार, सायंकाळी ५.१०

एरंडेलाचं मी सांगते, आमच्याकडेही लावतात. कणीक फुगायला त्याने अडत नाही, हात अगदी हलका असतो. पण भाजलेल्या ब्रेडमध्ये वास जाणवतो, पोळीत जाणवत नाही तरी. शक्य असेल तर ब्रेडसाठी पाचदहा किलो गहू तेल न लावता कडुलिंबाचा पाला घालून वेगळे ठेवा. नाहीतर ओल्या पंचाने गहू चोळून पुसा, दोन पाण्यांतून काढा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मग रात्री ओलवण द्या. धुतलेलेच ओले गहू चक्कीवर न्यायचे नाहीत.

पारद गोळ्या ठेवलेले गहू मात्र मी कुठल्याच खाण्याला वापरत नाही. पारा घरात नकोच.

पेठेतला_पाव | शनिवार, रात्री ८.००

एक शंका स्पष्टच विचारतो, राग नसावा. ओलवा, दळा, चाळा, भिजवा, लिंबू पिळा. एवढं करून शेवटी मैद्याच्या जवळ जायचंय, तर सरळ मैदा का नाही? निदान तीस टक्के मैदा घातला तर सगळे प्रश्न सुटतात.

चिमणबाग | शनिवार, रात्री ९.४५

राग कसला. तीस टक्के मैद्याने काम सोपं होतं हे खरंच आहे, पहिल्यांदा करणाऱ्याने तसं जरूर करावं.

पण मला मैद्याच्या जवळ जायचं नाहीये. चाळून कोंड्याचा एक भाग काढला तरी अंकुर, त्याचं तेल आणि बराचसा बारीक कोंडा पिठात राहतोच. मैद्याच्या खल्ल्याला चव येते ती अंड्याची आणि साखरेची. ताज्या पिठाच्या खल्ल्यात आधी गहू लागतो, मग बाकीचं. लोकवन आणि शरबतीचा फरक भाजल्यावरही कळतो. मैद्याच्या पुड्यावर गव्हाचं नावसुद्धा नसतं. आपण ज्या भागात राहतो तिथे गव्हाची इतकी जाण आहे, दाणा दाताखाली धरून वाण सांगणारी माणसं आहेत. ती जाण फक्त पोळी आणि बाफल्यांपुरती का ठेवायची?

आजीची_फोडणी | शनिवार, रात्री १०.२०

अगदी बरोबर बोललीस गं. आमच्या घरी जात्यावर सपीट काढलेलं मी पाहिलंय. चाळणीतला कोंडा टाकू नका कुणी. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायकांच्या हाताखाली वाढलोय आम्ही. थालीपिठाच्या भाजणीत घाला, किंवा बाफल्यांच्या पिठात.

फत्तेगंज_बडोदा | शनिवार, रात्री १०.३५

काकू, आमच्याकडे दुधीच्या मुठियांत जातो!

शनवारतेलीची_नात (अश्दोद) | रविवार, सकाळी ७.५०

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोबा रेल्वेत होते, बालपण बडोद्याला गेलं, सणासुदीला अहमदाबादच्या मागेन अब्राहाम सिनेगॉगला जायचो. आता मुलांजवळ इथे असते. मराठीत खल्ल्याबद्दल इतकं मन लावून लिहिलेलं वाचून बरं वाटलं. थोडं आमच्या बाजूने सांगते.

शब्बाथच्या मेजावर दोन खल्ले असतात. वाळवंटात आमच्या पूर्वजांना आकाशातून मन्ना मिळत असे, शुक्रवारी तो दुप्पट मिळे, म्हणजे शब्बाथला गोळा करायला जावं लागू नये. त्याची आठवण म्हणून दोन. आशीर्वाद होईपर्यंत ते कापडाने झाकलेले असतात, मग कापून किंवा तोडून, मिठाला लावून सगळ्यांना देतात. चिमणबाग ताईंच्या प्रमाणात दोन वेण्या होतात हे वाचून मला फार आवडलं.

कणीक मळून झाली की तिचा एक लहान तुकडा काढून बाजूला ठेवतात आणि जाळतात. ही तोराहमधली आज्ञा आहे. पूर्वी तो भाग मंदिराच्या याजकांना, म्हणजे कोहेनांना जात असे. थोड्या पिठाला ती लागू नाही. साधारण सव्वा किलोच्या आत पीठ असेल तर काढत नाहीत, त्यामुळे पुष्कळ बायका मुद्दाम मोठा घाणा करतात. ज्यू नसलेल्यांना हे करायचं नसतं. पण खल्ला म्हटला की आमच्या मनात आधी हा तुकडा येतो, म्हणून सांगितलं.

यात दूध, लोणी, तूप घालत नाहीत. आमच्याकडे मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि शब्बाथच्या जेवणात बहुधा मांस असतं. म्हणून तेल. ताईंनी तेलच लिहिलंय ते योग्य आहे.

वेणीचा खल्ला ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची रीत. कोकणातल्या आमच्या जुन्या घरांत ती नव्हती. आमच्या बायकांचा गव्हाशी संबंध वेगळाच. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, चिकाचा हलवा करतात. गहू भिजवून, वाटून, पिळून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात आटवायचा. इथेही नारळाचंच दूध, कारण तेच. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, वाइनच्या जागी मनुकांचं सरबत. आता इथे शुक्रवारी मी खल्लाही भाजते, पण ताजं पीठ वापरायचं कधी सुचलं नव्हतं. करून पाहणार.

चिमणबाग | रविवार, सकाळी ९.१५

मावशी, तुम्ही लिहिलंत म्हणजे धाग्याला घरचं माणूस मिळालं. मनापासून आभार. एक विचारते, रोश हशानाचा खल्ला गोल असतो ना? त्याला ताजं पीठ चालेल असं वाटतं का?

शनवारतेलीची_नात (अश्दोद) | रविवार, सकाळी ११.००

हो बाळ, गोल, वर्षाचं चक्र पुरं होतं म्हणून. पुष्कळ जण त्यात मनुका घालतात, मधात बुडवून खातात. गोल खल्ल्याला एकच लांब जाड पेड गुंडाळतात, त्यामुळे तुमच्या पिठाला तो वेणीपेक्षा सोपा जाईल. ताणावं कमी लागतं.

नवखा_ओटीजी | रविवार, दुपारी १२.१०

ताई, वेणीचं लिहिणार होतात. आज पेड वळताना ते रबरासारखे मागे जातायत आणि मध्येच तुटतायत. मदत!

चिमणबाग | रविवार, दुपारी १२.२५

लगेच सांगते. कणीक झाकून तिथेच ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. मग पुन्हा लांबवा. एका दमात पेड पूर्ण लांब करायचा नाही. सगळ्या गोळ्यांची आधी आखूड सुरळी करायची, पहिल्या सुरळीकडे परत येईस्तो ती सैलावलेली असते. ताज्या पिठात कोंडा असल्याने जोर लावला की पेड तुटतोच, मैदा सहन करतो तसं हे पीठ करत नाही.

बाकीचं आता सविस्तर. गोळे वजन करून सारखे करा, डोळ्याने नको. जाडजूड पेड बाजूच्या बारीक पेडाला भाजताना फाडतो. पेड मध्ये जाड, टोकांना निमुळता. ओट्यावर पीठ भुरभुरू नका, पेड घसरतो आणि वळला जात नाही. हाताला तेलाचं बोट पुरे.

पहिल्या वेळेस तिपेडी घाला. जिला मुलीची वेणी घालता येते तिला ही येते, फक्त केसांसारखी आवळायची नाही. सैल घाला, पेडांमध्ये बोट शिरेल इतकी. फुगायला जागा मिळाली नाही की वेणी बाजूने उकलते. टोकापासून सुरू करण्याऐवजी मधून सुरू करून दोन्हीकडे घातली तर आकार जास्त देखणा होतो. चौपेडी जमली की उंची वाढते, आणि सहापेडी ही खल्ल्याची खरी शोभा, पण ताज्या पिठात सहा पेड बारीक होतात आणि लवकर सुकतात. मी चौपेडीवर थांबते.

घातल्यावर पाऊण तास फुगू द्या. बोटाने हलकं दाबा. खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की भट्टीला तयार. झटकन भरून आला तर अजून थांबा, तसंच घातलंत तर फाटेल. भरलाच नाही तर वेळ टळली, लगेच भाजा.

अंड्याचा हात दोनदा: वेणी घातल्याबरोबर एकदा, भट्टीत जाण्याआधी एकदा. मग खसखस. आपल्याला खसखस मंदसौर-नीमचची मिळते, तिकडे परवाना घेऊन अफूची शेती होते. युरोपात काळसर निळी खसखस लावतात. आपली पांढरी त्या तांबूस सालीवर जास्त खुलून दिसते असं माझं मत.

ओटीजी १८० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवा. मधल्या जाळीवर ३० ते ३५ मिनिटं. ताज्या पिठाच्या कणकेत साखर आणि अंडं असल्याने रंग लवकर धरतो. विसाव्या मिनिटाला गडद दिसलं तर वरून फॉइल सैल झाका. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९० अंशांच्या थोडं वर हवं. नसेल तर तळाला बोटाने ठोका, पोकळ आवाज आला पाहिजे. पूर्ण निवल्याशिवाय कापू नका, आत चिकट लागेल.

लष्करकर (ग्वाल्हेर) | रविवार, सायंकाळी ६.३०

इकडे जानेवारीत कणीक हलतच नाही हो. रात्री पारा पाचच्या आसपास. पूर्ण दुपार गेली.

चिमणबाग | रविवार, रात्री ८.१०

ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह बंद ठेवून आत उकळत्या पाण्याचा पेला ठेवा आणि शेजारी कणकेचं भांडं. दार लावून टाका. अर्ध्या तासाने पाणी बदला. कणीक भिजवायचं पाणीही कोमट घ्या, कढत नको.

मेमध्ये याच्या उलट: गार पाणी घ्या, पीठ फ्रीजमधून काढा. आणि माळव्याच्या रात्री गार असतात म्हणून उन्हाळ्यात आम्ही रात्री जेवणानंतर मळतो, फ्रीजमध्ये ठेवतो, पहाटे वेणी घालतो. रात्रभर थंडीत राहिलेल्या कणकेला चव जास्त येते आणि पेडही शहाण्यासारखे वळतात.

फत्तेगंज_बडोदा | सोमवार, सकाळी १०.४०

आमच्या सासूबाईंना अंडं चालत नाही. अंड्याशिवाय होईल? की मग त्याला खल्ला म्हणायचंच नाही?

शनवारतेलीची_नात (अश्दोद) | सोमवार, दुपारी १.२०

म्हणायचं की. नुसत्या पाण्याचा खल्ला असतो. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, घरांत तोच पसंत करतात, कारण फार गोड आणि अंड्याचा झाला तर तो ब्रेड न राहता केकच्या बाजूला जातो आणि त्याचा आशीर्वाद बदलतो असं ते मानतात. लाल भोपळा उकडून घातलेला खल्लाही सेफार्दींकडे आहे.

चिमणबाग | सोमवार, दुपारी ३.००

मावशींनी भोपळा सांगितला, तोच घ्या. अंड्यांच्या जागी १२० ग्रॅम शिजवून घोटलेला भोपळा आणि तेल ६० ग्रॅम. भोपळ्यात पाणी किती आहे त्यावर बाकीचं पाणी ठरेल, १७० मिलीपासून सुरू करा आणि चमच्याचमच्याने वाढवा. वरून लावायला गुळाच्या पाण्यात दोन थेंब तेल, भाजून बाहेर काढल्यावर लगेच. चकाकी येते. लिंबाचा रस यात विसरू नका, अंड्याचा आधार नसल्याने कणकेला तो जास्तच लागतो.

नवखा_ओटीजी | सोमवार, रात्री ९.००

तिपेडी झाली! फाटली नाही. घरात सगळ्यांनी खाल्ली, उद्या उरली तर टोस्ट. माझ्या आत्याला सीलिएक आहे, म्हणजे ग्लुटेन सोसत नाही. ताज्या पिठाचा ब्रेड अशांना सोसतो असं व्हिडिओत ऐकलं, खरं का?

गव्हाळ | सोमवार, रात्री ९.२५

अजिबात नाही. गहू ताजा दळा, ओलवा, आंबवा, ग्लुटेन त्यात राहतंच. सीलिएक असलेल्या माणसाने गव्हाचा कणही खायचा नसतो. त्यांच्या भांड्यांजवळ हे पीठ उडूही देऊ नका. मधुमेह असलेल्यांनाही सांगतो: कोंड्यामुळे तंतू वाढतात, तरी यात साखर आणि गव्हाचं पीठ आहेच. तुकडा मोजूनच.

पेठेतला_पाव | मंगळवार, सकाळी ८.३५

मी निम्मा लोकवन, निम्मा शरबती, मैदा न घालता केला. ओलवण ताईंनी सांगितली तशीच. मैद्यापेक्षा उंचीला थोडा कमी, पण चवीबद्दल माझं आधीचं मत मागे घेतो. उरलेलं पीठ किती दिवस टिकेल?

चिमणबाग | मंगळवार, सकाळी ९.५०

वा, फोटो टाका! ओलवलेल्या गव्हाचं पीठ नेहमीच्या पिठापेक्षा कमी टिकतं, त्यात ओल जास्त असते. बाहेर दोनतीन दिवस, तेही थंडीत. घट्ट डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये महिनाभर. वास घेऊन पाहा, गोडसर वास जाऊन तेलकट कडवट वास आला तर ब्रेडला नको. सगळ्यांत चांगलं म्हणजे एका वेळी किलोभरच दळून आणा. आमचे चक्कीवाले एवढं थोडं दळण सकाळी गर्दी व्हायच्या आत घेतात, तुमच्याकडे विचारून पाहा.